सावित्रीची तोंडी परीक्षा

तोंडवली, ता. मालवण
२६ जून १९५८

काशी,

आशीर्वाद घे आणि पुढचा नीट वाच.

सावित्री बेळगावाक तुझ्याकडे पोचली असा तिच्या आवशीक, तुळसाक, कळला. बरा झाला. आता कामाचा सांगतंय.

आपलो भाव गंगाराम गेलो तेवापासून त्याचा ह्या चेडू मी वाढवलंय. तिका कॉलेजात धाडूचा माझ्या मनात नव्हता. म्याट्रिक झाली, बस झाला. पण मालवणच्या हेडमास्तरान घरी येवन, आमचीच चाय पिवन, माझा डोका खाल्ल्यान. म्हणान धाडलंय.

आता थय म्हणे आपले विषय आपणच निवडूचे असतत. त्यात निवडूचा काय? बाजारात भाजी निवडतत तसा? मराठी, इतिहास आणि ता तर्काचा काय असता ता घेवंदे. दुसरी भाषा संस्कृत. मास्तरीण होवक तेवढा पुरे. गणित नको. गणितान चेडवा उलटी बोलूक शिकतत.

आणि एक. तुमच्या बेळगावात गोंयचे लोक खूप. म्हणान फिरंग्याची भाषा पण थय कॉलेजात घेवक गावता असा ऐकलंय. गंगाराम म्हापश्याक कामाक होतो तेवा सावित्री त्येंच्याच शाळेत होती, तिका ती भाषा येता. ती घेवची नाय म्हणजे नाय. कित्याक ता तुका सांगूक नको. माझो झील बाबली गोंयच्या सत्याग्रहाक गेलो तो कसो परत इलो, ता तू येवन बगून गेलस. पाय पसरून पडवीत बसता. आता तो कसल्या कामाचो उरलो नाय. जाळ्याची भोका सांधता, तेवढाच.

माका लिवताना मोठ्यान म्हणूक लागता, नायतर अक्षर चुकता. म्हणान तुका काय लिवलंय ता सगळ्या पडवीक ठावक झाला. उत्तर धाडूची गरज नाय. सांगितलंय तसा कर.

भाई

•

बेळगाव
४ जुलै १९५८

भाई,

नमस्कार. उत्तर धाडू नको म्हणालास, म्हणून मुद्दाम धाडते.

तू कॉलेजचं दार बघितलं नाहीस आणि वर्गात कोणी कुठं बसायचं ते सांगतोस. आता माझं ऐक. इथं दुसऱ्या भाषेचा तास अकराला असतो आणि गणिताचा पण अकराला. एकच काहीतरी मिळतं. पण ह्या कॉलेजात एक सोय आहे. ज्या पोराला दुसरी भाषा आधीच येते त्यानं सुरुवातीलाच तिची परीक्षा द्यायची. पास झाला तर वर्षभर त्या तासाला बसायला नको, मार्क धरले जातात. अकराचा तास मोकळा. मग गणिताला बसता येतं.

संस्कृत तुझ्या पोरीनं जन्मात शिकलेलं नाही. ती पोर्तुगीज डोळे मिटून लिहील. आणि तिला गणितच पाहिजे. तू माशाचे काटे न बघता काढतोस ना, तशी ती गणितं सोडवते. आमचे हे पोस्टात एवढी वर्षं आकडेमोड करतात, ते आता तिच्याकडनं बेरजा तपासून घेतात.

मी म्हटलं, जा, परीक्षेला नाव दे. तर म्हणते, "शपथ आहे." कसली? तर म्हणते, "भाईंनी घातली."

ही कसली शपथ, मला कळव. आणि हेही कळव की गणित मिळालं नाही म्हणून ती परत आली, तर कुडाळच्या त्या दोन पोरांच्या बापाला तू तिला देणार आहेस, हे खरं का? तुळसानं मला कळवलंय. तुझी परवानगी घेऊन कळवलेलं नाही, तेव्हा तिच्यावर ओरडू नको.

काशी

•

तोंडवली
१२ जुलै १९५८

काशी,

तुळसाक ओरडलंय. तू सांगितलस म्हणान जरा जास्तच.

कुडाळचो माणूस बरो आसा. शेत आसा, घरात विहीर आसा. पयली बायल मेली हो त्याचो गुन्हो नाय. चेडू गणित गणित करीत म्हातारा झाला तर त्याका कोण बगतलो? तू?

शपथ काय ती आता ऐक. तीन वर्सामागे बाबलीक बांद्याच्या हद्दीवरसून चौघांनी उचलून हाडलो. फिरंग्याच्या शिपायांनी बंदुकेच्या दस्त्यान पाय मोडलेलो. तापात होतो आणि तापात त्येंच्याच भाषेत कायतरी बडबडत होतो. मारताना त्येंच्या तोंडातसून ऐकलेला. सावित्री पेज घेवन इली ती उंबऱ्यातच थबकली. माका दिसला, हिका समाजता. माझो झील हय कण्हता आणि माझ्या घरातल्या चेडवाक त्या मारणाऱ्यांचा बोलणा समाजता.

तशीच तिका देवळात न्हेलंय. देवासमोर नारळावर हात ठेवक लावलंय आणि वदवून घेतलंय, की ही भाषा परत तोंडात घेवचंय नाय. काय चुकला? ते काय बोलले असतले ता मी सांगतंय. आवशी-भयणीवरच्या शिवयो. दुसरा काय बोलतले ते? ती घाण कॉलेजात मार्कांसाठी ओकूची? त्यापेक्षा नापास झालेली बरी.

संस्कृत घेवंदे. नाय जमला तर घरी येवंदे. कुडाळच्यांका घाई आसा.

भाई

•

बेळगाव
१९ जुलै १९५८

भाई,

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, तुझ्या भावाला वकील करायला पाहिजे होता, समोरचा माणूस कंटाळूनच हरला असता.

तू शपथ तोंडाची घातलीस. "तोंडात घेणार नाही." तूच लिहिलंयस, मोठ्यानं म्हणत लिहिलं असशील तर पडवीपण साक्षीदार आहे. परीक्षा लिहायची असते. लिहितात हातानं. हाताला शपथ नाही. हे मी सावित्रीला सांगितलं. ती उठून वेणी घालायला बसली. काल मी स्वतः तिला कॉलेजच्या दारापर्यंत सोडून आले. पेपर लिहून झाला. आता तुला काय ओरडायचं ते ओरड.

आणि एवढा बाट वाटतो तर ऐक. तू घराला चावी लावतोस, जनेल उघडतोस, बादली भरतोस, सणाला बटाट्याची भाजी मागतोस. हे सगळे शब्द त्यांच्याकडनंच आलेत, हे आमच्या ह्यांना पोस्टातल्या एका गोव्याच्या माणसानं सांगितलं. तेव्हा शपथ पहिली तू घे.

काशी

•

तोंडवली
२८ जुलै १९५८

काशी,

तू लग्न होवन गेलस तेवा मी देवाक नारळ दिललंय. तो फुकट गेलो नाय ह्या आज कळला. घरात अजून एक तुझ्यासारखा तोंड असता तर मी समुद्रात उडी मारलंय असतंय.

गुरवाकडे गेलंय. त्याका इचारलंय, तोंडाची शपथ हाताक लागता की नाय? तो डोका खाजवून म्हणता, "भाईनू, जेवढा बोललात तेवढाच देवान ऐकल्यान. बाकीचा तुमच्या मनात होता ता तुमचा तुमच्याकडे." असलो गुरव. त्याका सांगितलंय, ह्या जत्रेक तुका माझो नारळ नाय.

जनेल म्हणूचा नाय, खिडकी म्हणा, असा घरात सांगितलंय. परवा पाऊस आत येवक लागलो तेवा मी ओरडलंय, खिडकी लाव. तुळसा घरभर फिरली. तिका वाटला मी फडकी लाव म्हणतंय. तवसर अंथरुणा भिजली. ह्या सगळा तुझ्या नावावर.

बाबली ता ऐकून हसलो. किती दिसांनी हसलो. हसूक काय जाता त्याका, बसून खाणाऱ्याक. कामाचो असतो तर उठून ता जनेल लावल्यान असता.

आंबोलीचो घाट जरा सुको होवंदे, मी येतंय आणि चेडवाक घेवन जातंय. बोचका बांधून ठेव.

भाई

•

बेळगाव
८ ऑगस्ट १९५८

भाई,

बोचकं बांधायला लावतोस तर लाव, पण आधी हे वाच. भांडायला आज मला जोर नाही, तरी भांडतेच.

लेखी पेपरात सावित्री सगळ्यांत वर. गोव्याहून आलेली पोरं पण तिच्या खाली. आम्ही पेढे आणायला निघणार, तर निरोप आला की अजून तोंडी परीक्षा आहे. समोर बसून बोलायचं. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. ती गेली. टेबलापलीकडं तीन प्रोफेसर. त्यांतला एक गोव्याचा म्हातारा, चांगला माणूस. त्यानं त्या भाषेत नुसतं नाव विचारलं. ही भिंतीकडं बघत उभी. त्यानं पाणी दिलं. पाणी प्याली, पुन्हा भिंतीकडं. शेवटी त्यांनी तिला बाहेर पाठवली. म्हाताऱ्याला वाटलं पोरगी घाबरली. म्हणून त्यानं बावीस तारखेला पुन्हा बोलावलंय. तेव्हा पण गप्प राहिली तर गणित गेलं.

घरी आल्यावर मी तिला नको नको ते बोलले. म्हटलं, तिथं देव नव्हता, भाई नव्हता, कोण ऐकणार होतं? ती म्हणाली, "मी होते ना." आणि म्हणाली, "भाईंनी तोंडानं घातली, त्यांनीच तोंडानं सोडवावी. मी पळवाट काढणार नाही. हाताची काढली तीच खूप झाली." कोणाची आहे ही पोर? गंगाराम बिचारा असा नव्हता. ही सगळी तुझी आहे. घे, बघ तोंड आरशात.

अजून एक. मी जास्त खणलं तेव्हा बोलली. तू लिहितोस, बाबली तापात बडबडला, आणि तुला वाटतं तो विसरला. तो विसरलेला नाही. बरा होऊन बसायला लागला तेव्हा एकदा तू रापणीवर, किनाऱ्यावर जाळं ओढायला, गेला होतास, त्यानं हिला विचारलं, "झा नांव प्रेश्ता म्हणजे काय गो?" हिनं सांगितलं, मला शपथ आहे. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. तीन वर्षं तो तुझ्याच पडवीत ते घेऊन बसलाय. तुला माहीत होतं का? का तुला फक्त जाळ्याची भोकंच दिसतात?

काशी

•

तोंडवली
१६ ऑगस्ट १९५८

काशी,

तुझा पत्र उशिरा गावला. म्हणान थोडक्यात.

बाबलीक इचारलंय. माका वाटला, कसला काय, काशी वाढवून सांगता. त्यान हातातली सुई खाली ठेवल्यान आणि ते शब्द म्हणान दाखवल्यान. एकदम सरळ, जसा काय आपला नाव सांगता. मी म्हटलंय, शिवी असतली. तो म्हणालो, "शिवी इतकी हळू देणत नाय, बाबा. तो ओरडलो नाय. वांगडच्याक सांगितल्यान, आणि दोघय गेले." मी म्हटलंय, माका कित्याक इचारूक नाय? तो म्हणालो, तुमका खंय येता ती भाषा.

ता बरोबर.

दुसऱ्या दिसा पावसातच देवळात गेलंय. गुरव म्हणता, जत्रेचो नारळ दितलात काय? म्हटलंय, दोन घे, पण लवकर उरक. त्यान गाऱ्हाणा घातल्यान. ह्या चेडवाच्या तोंडाक जो बांध घातलो तो घालणाऱ्यान आज आपल्या तोंडान सोडवलो, बोलल्याचा काय उणा-दुणा असात तर त्याच्या पदरात टाक, चेडवाच्या नको, असा. मी होय म्हटलंय. शपथ सुटली. सावित्रीक सांग, बावीस तारखेक जावंदे आणि बोलंदे. मोठ्यान बोलंदे.

पण फुकट नाय. त्या शब्दांचो अर्थ काय तो तिना माका कळवूचो. माका, बाबलीक नाय. शिवी असली तरी लिव म्हणा, वंगाळ असली तरी लिव. मी ऐकतलंय. तीन वर्सां त्यान ऐकल्यान.

भाई

•

बेळगाव
२६ ऑगस्ट १९५८

ती. भाईंना सावित्रीचा नमस्कार.

तोंडी परीक्षा झाली. त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं, समुद्राबद्दल बोलायला सांगितलं. मी थांबले तेव्हा ते म्हातारे सर म्हणाले, पुरे बाई, आम्हाला घरी जायचंय. पास केलं. काल अकराला मी गणिताच्या वर्गात बसले. मुली दोनच आहोत.

शपथ सोडवलीत म्हणून तुमचे उपकार मानावेत असं आत्या म्हणते. मी मानत नाही. तुम्हीच घातली होती.

आता अर्थ. तुम्ही मागितलात म्हणून लिहिते. मी हौसेनं लिहीत नाही.

बाबलीदादानं मला विचारलं तेव्हा मी शपथ पुढं केली. ते खोटं होतं. शपथ नसती तरी मी त्याला सांगितलं नसतं. तो तापात बडबडला तेव्हा उंबऱ्यातच मला सगळं कळलं होतं, तुम्ही बघितलंत ते बरोबर. शिवी नव्हती. तो शिपाई सोबतच्याला म्हणाला होता की सोड ह्याला, हा आता काही कामाचा उरला नाही.

मी त्याला कसं सांगणार? तुम्ही ते रोज म्हणत होता. पडवीत म्हणत होता, पाहुण्यांना म्हणत होता, पत्र लिहिताना मोठ्यानं म्हणत होता. त्याला त्या भाषेतलं कळत नव्हतं, एवढंच एक बरं होतं. ते एवढं मी त्याच्यासाठी राखलं.

आता तुम्हाला कळलं. त्याला सांगायचं की नाही ते तुम्ही बघा. सांगायचं असेल तर तुम्हीच सांगा. ते काम माझ्यावर टाकू नका.

आईला सांगा, मी बरी आहे.

सावित्री

•

तोंडवली
४ सप्टेंबर १९५८

सावित्री,

तुझा पत्र पोचला. माझ्यावांगडा इतका उलटा आजपर्यंत कोण बोलूक नाय. तुझो बापूस नाय, काशी पण नाय. ता मी विसरूचंय नाय. तू पण विसरू नको.

पत्र पडवीत बसान वाचूक घेतलंय. अर्थाकडे इलंय आणि गप्प झालंय. उरलेला तसाच वाचलंय, मनात. बाबली समोर जाळा घेवन बसललो. तो म्हणता, "बाबा, तुमचा तोंड आज हलना नाय ता?" मी म्हटलंय, काय नाय. तो म्हणालो, "सावित्रीचा पत्र मा? लिवल्यान काय तिना?"

खोटा सांगूचा असा माझ्या मनात होता. शिवी होती म्हणान सांगितलंय असतंय तर झाला असता. त्याका पण बरा वाटला असता. पण तो माझ्याकडे बगी होतो. सांगितलंय. जसा तू लिवलस तसाच, शब्दाक शब्द.

तो म्हणालो, "एवढाच? माका वाटला कायतरी नवीन असतला."

आणि सुई उचलून परत जाळा सांधूक लागलो.

नारळी पुनव झाली, रापण लागली. काल दोरी ओढूक माणूस कमी होतो. मी पडवीकडे बगून म्हटलंय, चल. त्यान इचारल्यान, कोणाक म्हणतात? म्हटलंय, तुका. इलो. रेतीत दोनदा पडलो. कोण काय बोलूक नाय, मी पण बोलूक नाय. आपलो माशांचो वाटो घेतल्यान आणि घरी येवन तुळसाकडे दिल्यान. माझ्याकडे नाय.

कुडाळच्यांका नाय म्हणान कळवलंय. त्येंका राग इलो, येवंदे. गणितात नापास झालस तर मात्र परत त्येंच्या दारात जावक माका लाज नाय, ह्या ध्यानात ठेव.

बाबली इचारता, वर्गात दोनच चेडवा तर बसतत खंय, पुढे की मागे? त्याका कळव. त्याच्या नावान वेगळा पत्र धाड, माझ्यातच घालू नको.

ह्या पत्र तोंड मिटून लिवलंय. अक्षरा चुकली असतली. चालवून घे.

भाई